खाडीतली जाळी आणि डावरी गाठ

मी, माधवी कोच्चुरामन, वय चौऱ्याहत्तर, धंदा काथ्या वळणे, राहणार पुळिमूट, डोके ताळ्यावर असताना आणि जावयाने कोणताही आग्रह केलेला नसताना (तो समोरच बसून आग्रह न करण्याचे कष्ट घेत आहे) हे लिहून ठेवते. लेखनिक शिवरामन मास्तर. डॉक्टर म्हणतात, श्रावणातलं ओणम गाठलं तरी खूप.

१. घर व मागचे सहा माड मुलगी सुषमा हिला. माडांच्या बुंध्याशी नारळावरून सोललेली सोडणं खोलगट बाजू वर करून पुरावीत, ओल टिकते. जावई सोडणांना कचरा म्हणतो. त्याची भांडी त्याच कचऱ्याने घासली जातात, गोठ्यातले डास त्याच्याच धुराने पळतात आणि त्याची गादीही त्यानेच भरलेली आहे.

२. काथ्याचं सूत वळायचा रहाट सुषमालाच. तो फिरवून तिचे हात राठ झाले, हे मला दिसत होतं. बोलले नाही, ते चुकलंच.

३. मला जाळताना सुकी सोडणं व करवंट्या घ्याव्यात. काथ्यासाठी कुजवलेल्या सोडणांना हात लावाल तर उठून बसेन.

४. पौषात खाडीत कुजवायला बुडवलेली सोडणांची जाळी दहा महिन्यांनी तयार होईल. ती शेजारीण चेल्लम्मा हिला द्यावी. कारण लिहिणे भाग आहे.

एकतीस वर्षांपूर्वीच्या पुरात, कोणाची जाळी कुठे बुडवली ते दाखवणारे खाडीतले खुणेचे खांब वाहून गेले. चेल्लम्मा माहेरी होती. मीच पाण्यात उतरून तिचा व माझा खांब अंदाजाने रोवला. पुढे तिने आपल्या खांबाखालची जाळी काढली, ती माझी निघाली, तीही अर्धवट कुजलेली. मी सगळ्या काठाला ओरडून तिला चोर म्हटलं. नंतर माझ्या खांबाखालून जाळी वर आली, तिला डावखुऱ्या चेल्लम्माची डावरी गाठ होती. खांबांची अदलाबदल माझ्याच हातून झाली होती. मी गाठ कापली आणि गप्प बसले.

तेव्हापासून आम्ही एकाच रहाटावर शेजारी शेजारी मागे चालत सूत काढतो, पण बोलत नाही. "सुषमे, तिला सांग, सूत सैल पडलंय." "सुषमे, तिला सांग, स्वतःचं बघ." चेल्लम्मा चोर नव्हती. मला लाज वाटते.

इथवर लिहून झाल्यावर साक्षीसाठी चेल्लम्मालाच बोलावलं. मास्तरांनी कलम चार मोठ्याने वाचलं. ती सुषमाकडे न बघता थेट मला म्हणाली, "जाळी वर आली तेव्हाच मला कळलं होतं गं, गाठ माझी नाही म्हणून. सांगायलाच येत होते. तेवढ्यात तू चोर म्हणालीस. मग कशाला सांगू?"

"एकतीस वर्षं?"

"तुझीही एकतीसच की!"

मास्तर म्हणाले, जिला काही द्यायचं तिची साक्ष घेऊ नये. सोडणं की सही, ते ठरवा.

"सोडणं घेते," चेल्लम्मा म्हणाली. "पण भिजलेली जाळी मी एकटी ओढणार नाही. कार्तिकात तू पाण्यात उतरायचंस. मरायचं ते नंतर."

५. सबब, कार्तिकापर्यंत हा कागद कोणी उघडू नये. डॉक्टरांना सुषमाने कळवावे.

साक्षीदार:
१. ~~चेल्लम्मा वेलायुधन~~ विलासिनी दामोदरन (सही)
२. शिवरामन मास्तर (सही)

माधवी कोच्चुरामन (सही)
पुळिमूट, केरळ. ९ मार्च १९९६