कचरूचा गुडघा, माझी सीट

शहागड, गुरुवार, पौष १९७४

कचरूचा गुडघा डोळ्यांपुढून जात नाही. आज तीर्थपुरीच्या वाटेवर बैलगाडी आडवी आली आणि ब्रेकवर पाय नेताना त्याचा गुडघा स्टेअरिंगखाली अडकला. गाडी थांबली, पण बैलांच्या शिंगांपाशी. देवाची कृपा, दुसरं काय.

फिरत्या दवाखान्याची ही गाडी म्हणजे आमचं घरच. मागे स्टो, पाण्याचं पिंप, निजायची बाकं. आधी मीच चालवायचो; डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून माझा चेला कचरू चालवतो, मी शेजारी बसतो. तो सहा फुटी, सीट माझ्या बुटक्या मापाची. इतके दिवस मान वाकवून, पाय दुमडून चालवत होता.

"अरे, सांगितलं का न्हाई?"

"उस्तादाच्या सीटला चेला हात लावतो का?"

हे त्याला मीच शिकवलं. रागवायचं कोणावर?

संध्याकाळी वेल्डिंगवाल्याकडे गाडी नेली. सीट वीतभर मागे सरकवली, माझ्या उंचीसाठी घातलेली खालची गोधडी काढली. मागचं बाक तेवढं आखडलं, पण त्यावर निजणारा मीच. कचरू टेकून बसला. गुडघा मोकळा फिरला. तरी चेहरा उतरलेला.

"उस्ताद, पक्की जोडली की तुमचे पाय पुरायचे न्हाईत. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मंग?"

गुडघा रोजच दिसत होता मला. पुन्हा मीच चालवीन, ह्याच आशेने गप्प बसलो होतो का? असेल.

"मंग काय? मंग बराबर दिसंल, तू कशी चालवतो ते," म्हणालो, आणि वेल्डिंगवाल्याला म्हटलं, मार वेल्डिंगचा टाका.