दोन्ही कान दिसले पाहिजेत

आल्बुकर्की,
१७ ऑक्टोबर १९९९

ती. बांना खिएमचा वाकून नमस्कार. तुमचे टोमणे पोचले. टपालात एकही सांडला नाही.

तर पुन्हा सांगतो, विजेचं बिल भरलेलं होतं. नटीचा अर्धा चेहरा काळोखात आहे तो दिवा कमी पडला म्हणून नाही, मी तिथला दिवा काढला म्हणून. त्या काढण्याचेच मला पैसे मिळतात. आई आणि तुम्ही सव्वादोन तास माझा पिक्चर बघितलात, आणि पत्रात काय, तर नटीला मानधन अर्धंच दिलं का. पेपरवाल्यांनी त्याच काळोखावर चार ओळी लिहिल्या, त्याचं कात्रण पाठवलं होतं. ते तुम्ही दुकानातल्या डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घातलंत, असं दिएमताई सांगत होती. कुठेतरी उपयोगी पडलो म्हणायचं.

आपल्या दुकानात, लाम फोटोमध्ये, असलं चालत नाही, ठाऊक आहे. बोल्सा रस्त्यावरची सगळी म्हातारी व्हिएतनामी माणसं ठेवणीतले रेशमी कपडे घालून तुमच्याकडे देव्हाऱ्यातला फोटो काढायला येतात, मागाहून नातवंडं ज्याच्यापुढे उदबत्ती लावणार तो. उजेड समोरून हवा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, नाहीतर पूर्वजांना ऐकू कसं येणार. हे ऐकत सोळा वर्षांचा झालो. मग शाळा सोडली, तुमचं उजेड मोजायचं मीटर उचललं आणि पळालो. सहा वर्षं लोकांचे दिवे वाहिले, चार वर्षं लोकांच्या कॅमेऱ्यात फिल्म भरली. आता कॅमेरा माझ्या हातात आहे.

पण बा, तुम्ही दोन पानं थिएटरच्या पार्किंगवर लिहिलीत, आणि हृदयाची झडप बदलायची आहे हे मला ताईच्या फोनवरून कळलं. ते तुमच्या पत्रात कुठल्या काळोखात ठेवलं होतंत?

राग आहे तसाच ठेवावा, त्याची सवय झाली आहे.

तुमचा
खिएम

वेस्टमिन्स्टर,
२ नोव्हेंबर १९९९

चि. खिएमला आशीर्वाद. आधीचे वापरलेले दिसत नाहीत, तेही शिल्लक धरावेत.

तुझं नाव खिएम ठेवलं, म्हणजे नम्र. ज्योतिषाचे पैसे वाया गेले.

झडप अठरा जानेवारीला बसवणार. डॉक्टर आपल्यातलाच आहे, लोकांची नखं रंगवून ज्यांनी मुलाला शिकवलं त्या बाईंचा. त्यानं शाळा पूर्ण केली, सहज लिहिलं. काळजी झडपेची नाही. बावीस वर्षं सगळ्या बोल्साचे देव्हाऱ्याचे फोटो काढले, माझा स्वतःचा नाही. शेवटी ब्रुकहर्स्ट रस्त्यावरच्या न्यी फोटोवाल्याकडे गेलो. त्यानं पाठीमागे धबधब्याचा पडदा लावला आणि डावा कान कापला. पुन्हा काढायला लावला तर उजवा कापला. दोन्ही फोटो शेजारी लावले तर एक माणूस पुरा होईल, असं तो म्हणाला.

तुझी आई म्हणते, मुलाला बोलवा. मी म्हटलं, तो माझा अर्धाच काढेल, उरलेल्या अर्ध्यासाठी तुला दुसरा नवरा बघावा लागेल. शिवाय दुकानाचा नियम तुला पाठ आहे. देव्हाऱ्याचा फोटो फुकट नाही, सख्ख्या मुलाकडूनसुद्धा नाही. जाणाऱ्याचा हिशेब दोन्हीकडून साफ हवा. कुणाचं देणं नको, कुणाकडे येणं नको, नाहीतर पाय दारात अडकतो. आणि तुझे दर मला परवडायचे नाहीत.

तेव्हा येऊ नकोस. आलास तर मीटर घेऊन ये, ते माझं आहे.

वेळेवर जेव. आमची आठवण नाही आली तरी भूक येतेच.

बा

न्यू ऑर्लिन्स,
१४ डिसेंबर १९९९

ती. बांना साष्टांग. कान अजून गरम आहेत, दोन्ही.

इतकं विमानभाडं भरून बोलणी खायला येणारा मी एकटाच असेन. आजवर बऱ्याच नखरेल नट्या बघितल्या, पण खुर्चीत बसल्या बसल्या दिवे हलवायला लावणारे तुम्ही पहिलेच. डावा वर घे, वर म्हणजे छताकडे, एवढंही दिवे वाहताना शिकला नाहीस का. तुमच्या कॉलरमध्ये माझी चार बोटं गेली. ती मी मागून चिमट्यानं आवळली. हल्ली कॉलरच मोठ्या शिवतात, असं तुम्ही म्हणालात. मी हो म्हटलं.

मीटर आणलं होतं. तुम्ही ते फिरवून बघितलंत, बिघडलंय म्हणालात आणि परत माझ्या पेटीत ठेवलंत. ते बिघडलेलं नाही, बा.

बारा फोटो काढले. अकरा तुमच्या हुकमाप्रमाणे. अकरावा झाल्यावर संपलं समजून तुम्ही खिडकीकडे मान वळवलीत, तेव्हा मी एक दिवा बंद केला आणि बारावा काढला. विचारलं नाही. विचारलं असतं तर मिळाला नसता. दोन्ही प्रती पाठवतोय. पहिल्यातले कान मोजून घ्या. दुसरा फाडायचा तर फाडा.

आणखी एक. इथला पुढचा पिक्चर मीच दिग्दर्शित करायचा, असं निर्मात्यानं ठरवलंय. त्याची आई आजारी असावी, नाहीतर असला निर्णय शुद्धीत कोण घेतं, असं तुम्ही लिहाल, म्हणून मीच लिहून टाकलं.

माया कमी करू नये, बोलणी थोडी केलीत तर चालेल.

खिएम

वेस्टमिन्स्टर,
३ जानेवारी २०००

चि. खिएमला नव्या सालाचे आशीर्वाद.

दिग्दर्शक म्हणजे काय, ते दिएमला विचारलं. स्वतः काही न उचलता बाकीच्यांना उचलायला सांगतो तो, असं कळलं. मग तुझी आई तीस वर्षं दिग्दर्शक आहे, पेपरात कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत.

कान मोजले. दोन आहेत. फोटो बरोबर आहे, देव्हाऱ्याशेजारच्या खणात ठेवला.

दुसरा चुकलेला आहे. फाडायला घेतला तर तुझ्या आईनं हातातून काढून घेतला. मग म्हणाली, दुकान उघडायच्या आधी तुम्ही रोज असेच बसता, मला वाटायचं हे फक्त मलाच दिसतं. आता तो दुकानाच्या काचेत लावलाय. चांगला आहे म्हणून नाही, खिळा रिकामा होता. शेजारी ते कात्रणही चिकटवलं, त्यामुळे टेबल पुन्हा डगमगतं. लोक थांबतात, कुणी काढला विचारतात. मी सांगतो, बोल्साचाच एक फोटोवाला आहे, हल्ली बाहेरगावी कामं करतो.

देव्हाऱ्याच्या फोटोचा दर चौकटीसकट तीस डॉलर. सोबत विसाच्या दोन नोटा आहेत, सुटे नव्हते. उरलेले अठरा तारखेच्या आत पाठव. नियम तो नियम.

बा

न्यू ऑर्लिन्स,
९ जानेवारी २०००

ती. बांना नमस्कार, या वेळी सरळ उभं राहून, फोटोवाल्यासारखा.

काल पहिला शॉट घेतला. एक आजी दारात बसलेली. उजेड समोरून टाकला, दोन्ही कान दिसतील अशी बसवली. दिवेवाल्यानं हळूच विचारलं, साहेब, ताप आहे का. तापच असेल.

अठराला येऊ का म्हणून फोन केला, तर तुम्ही म्हणालात, डॉक्टरच्या डोक्यावर तू दिवा धरणार आहेस का, आणि धरलास तर मध्येच काढशील. बरं. शूटिंग तीस तारखेला संपतं. मग तेतच्या सणाला, आपल्या नव्या वर्षाला, घरी येतो. तोवर न्यीला दुकानाच्या जवळ फिरकू देऊ नका.

आता हिशेब. तुम्ही चाळीस दिलेत, दर तीस. दहा परत यायला हवेत, पण ते सगळे येणार नाहीत. एक माझ्याकडे राहील. येणं बाकी असलं की पाय दारात अडकतो, हा नियम तुमचाच. अडकू दे. तेतला जेवणाच्या पानावर सगळ्यांदेखत माझी अब्रू काढा आणि मागून घ्या. मी लगेच देईन असं मात्र धरू नका, काही वर्षं लागतील.

लोभ जसा आहे तसा, दोन्ही कानांसकट असावा.

तुमचा फोटोवाला
खिएम

ता. क. सोबत नऊ डॉलर.