पहिल्या दिवशी मान

प्रिय अजमल,

रागावून हे पत्र फेकायचं असेल तर खुशाल फेक, पण वाचून झाल्यावर. तू माझे फोन उचलत नाहीस, मेसेज उघडूनही बघत नाहीस. लहानपणीही असाच होतास. भांडण झालं की पांघरूण डोक्यावर ओढून पडायचास आणि भूक लागली की आपा आठवायची.

साताऱ्यातल्या तुझ्या कायरोप्रॅक्टिक क्लिनिकची, हाताने मणके बसवण्याच्या त्या दवाखान्याची, पाटी पाहून माझे डोळे भरून आले होते, हे तुला बोलले नाही. मी इतकी वर्षं मिरजेत फिजिओथेरपी करते, पण आपल्या घरातलं नाव पाटीवर लावलंस ते तूच. म्हणूनच त्या दिवशी तिथे बसून जे पाहिलं ते गिळता येईना. कुणाची कंबर असो, कुणाचा खांदा, जिची शाखा तू चालवतोस त्या कंपनीने छापून दिलेला तोच तीन महिन्यांचा प्लॅन सगळ्यांच्या हातात. पहिल्या दिवशी मान, मग पाठ, मग कंबर. मेढ्याचे ते ज्ञानूमामा बिचारे म्हणाले, "आवं डाक्टर, माजं दुखनं मांडीत हाय, मानंला कशापायी हात घालताय?" सगळे हसले, तूही हसलास, आणि हसत हसतच त्यांची मान कटकन वळवलीस. त्यांना काही झालं नाही, मान्य. पण आधी तपासलंस कुठे? मी चारचौघांत बोलले म्हणून तू दुखावलास. प्लॅन मोडला तर कंपनी पाटी काढून नेईल, म्हणालास. तुझी अडचण मला कळते रे. पण ज्याची मान आहे त्याने ती तुझ्या हातात दिलेली असते, कंपनीच्या नाही.

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही, आणि आता तर घरातच धसका बसलाय. परवा अम्मीच्या हातून चहाचा कप सुटला. ओला होता, म्हणाली. मग पाहिलं, तिला माझ्या लेकीच्या, अर्फाच्या, फ्रॉकची बटणं लावता येईनात. सगळ्या मोहल्ल्याचे कपडे जिने शिवले, तिला! चालताना भिंत धरते. आमच्या डॉक्टरांना दाखवलं. मानेत मज्जारज्जू दबत असावा, लगेच एमआरआय काढा, तोवर मानेला झटका बसता कामा नये, म्हणाले. अम्मी ऐकेल तर शपथ. माझा मुलगा माना बऱ्या करतो, मी कशाला त्या मशीनमध्ये झोपू, म्हणे. वर मला म्हणाली, तू भावावर जळतेस. फार लागलं ते.

आणि आज ती तुझ्याकडे येतेय. 'माझी लाडकी पेशंट माझी आई' असा जाहिरातीचा व्हिडिओ काढायला तूच बोलावलंस ना? मी अडवून थकले. हे पत्र तिच्याच पिशवीत देतेय. आपण घरी उर्दूत लिहितो, हे मुद्दाम मराठीत लिहिलंय, म्हणजे तिला वाचता येणार नाही. वाचलं तर वाटेतच फाडून टाकेल. आत्ता ती नवी साडी नेसून, कौतुकाने तुझ्याकडे बघत बसली असेल. मोबाईल बाजूला ठेव. तिला बुरख्याची बटणं लावायला सांग आणि तिची बोटं बघ. मग तिला घेऊन तसाच मिरजेला ये. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, आयुष्यभर बोलू नकोस. ती स्वतःच म्हणेल, कर सुरू. ऐकू नकोस तिचं. तिच्या मानेला हात लावू नकोस, अजमल.

वाट बघणारी, तुझीच,
तहरीम आपा