पिस्टनवरची कणीक

उस्ताद,

त्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात बसून कणीक मळत होतो. विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद होता. आमच्या आगारातून एकही एसटी सुटणार नव्हती, वस्तीतली तरणी पोरं मोर्चाला गेली होती. त्रिशरण म्हणून झालं, उदबत्ती लावली आणि परात पुढे ओढली. बायको दारात उभी राहून बघत होती. "आज सैपाक तुमी करायलाव का?" म्हणाली. मी म्हटलं, "इंजनाला खाऊ घालायचंय." "मग मीठ बेतानं टाका," म्हणाली आणि घागर घेऊन निघून गेली.

मागच्या पत्र्याखाली एक जुनी फियाट उभी होती, पाथरी रस्त्यावरच्या जिनिंगवाल्यांच्या मुलाची. त्याला ती हैदराबादेला शर्यतीत पळवायची होती, पण मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या वर गेली की तिचा आवाज फाटायचा. का, ते तुम्हाला मी काय सांगावं. फेरे वाढले की जुन्या स्प्रिंगांना व्हॉल्व्ह वेळेवर मिटवणं जमत नाही. व्हॉल्व्ह अधांतरी राहतो आणि खालून पिस्टन वर यायला लागलेला असतो. मी व्हॉल्व्ह ढकलणारा कॅम नव्या आकारात घासून आणला होता, एकात एक बसणाऱ्या कडक स्प्रिंगा मिळवल्या होत्या, त्यांच्यावरच्या टोप्या लेथवर हलक्या करून घेतल्या होत्या. पण नव्या कॅमनं व्हॉल्व्ह जास्त खाली उतरणार. तो पिस्टनला शिवतो की काय, हे इंजिन सुरू करण्याआधीच कळायला हवं.

तेव्हा तुमचं पूर्ण्याचं गॅरेज डोळ्यांपुढे आलं. मी गावच्या शाळेतून सातवी होऊन, काही वर्षं शेतात राबून तुमच्याकडे नुकताच आलोय. तुम्ही पिस्टनवर पिठाचा गोळा ठेवायला सांगता, व्हॉल्व्हनं दाबून तो जेवढा जाड उरेल तेवढी मधली फट, आणि मी आमच्या घरच्या सवयीनं ज्वारीचं पीठ भिजवून आणतो. वरून हेडचं झाकण बसवतो, इंजिन हातानं फिरवतो, पुन्हा हेड उघडतो, तर आत गोळ्याचा नुसता भुगा. तुम्ही चष्मा कपाळावर सारता. "अरे गाढवा, ज्वारी तडकती. ती काय माप सांगनार? गहू आन, वर तेल लाव." आतून चाची ओरडतात, "घर में रोटीकू आटा नहीं, अन् हे पिस्टनला जेवू घालायलेत!" तरी तुम्ही त्यांच्याच परातीतून कणीक उचलून आणता. दुपारी माझ्या उरलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी झाल्या आणि आपण सगळे एकाच दस्तरखानावर जेवलो. मला वेगळं बसवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्या वस्तीबाहेरच्या घरातलं माझं तसं पहिलं जेवण ते.

पुढे तुम्हीच मला एसटीत लावलंत. निजामाच्या मोटारखात्यात तुमच्याबरोबर असलेले कुणी साहेब होते, त्यांच्याकडे स्वतः गेलात. परत आल्यावर म्हणालात, "पक्की नोकरी हाय. असली पुन्हा भेटनार न्हाई. मरेस्तोर सोडू नको." मी हो म्हटलं. पुढे तुम्ही जग सोडून गेलात आणि ते हो माझ्याकडेच राहिलं. इतकी वर्षं बसच्या ब्रेकपट्ट्या बदलताना मी ते पाळलं. मुलं शिकली, घर उभं राहिलं. तक्रार करू कशी? पण रविवारी पत्र्याखाली गेलो की माझे हात वेगळेच व्हायचे. म्हणून मी मनाशी बोललो होतो, हे इंजिन टिकलं तर नोकरी सोडून गॅरेज काढायचं, फुटलं तर निवृत्तीपर्यंत आगार.

बंदच्या त्या दिवशी हेड उघडलं, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हखालची कणीक पापडासारखी पातळ. इंजिन तसंच सुरू केलं असतं तर व्हॉल्व्ह वाकले असते. बंद उठल्यावर पिस्टनांना खाचा पाडून आणल्या, पुन्हा कणीक ठेवली. या वेळी ती चांगल्या पोळीएवढी जाड निघाली. रविवारी पहाटे तो मुलगा आणि मी मोकळ्या रस्त्यावर गेलो. काटा पाच हजाराच्या पुढे सरकला.

"मिस्त्री, आणखी दाबू?"

"दाबा."

"फुटलं तर?"

"तर ढकलत नेऊ. दाबा तुमी."

साडेसहा हजारांवर इंजिन एका सुरात गात होतं. माझ्या ओठांवर बुद्धवंदना कधी आली कळलं नाही. मुलानं गाडी थांबवली, उतरून बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "दोस्तांच्या गाड्या बी धाडू का तुमच्याकडं?" घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "सोडा की नोकरी. रविवारच्या रविवार तेवढं तोंड उजळतंय तुमचं."

तरी पाऊल उचलेना. तुम्हाला दिलेला शब्द आडवा येत होता. शेवटी काल सकाळी आगारात जाऊन राजीनामा दिला. साहेबांनी दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हटलं. हे पत्र मी टाकणार नाही, टाकणार तरी कुठं? एवढं मात्र कबूल करतो, उस्ताद. तुम्ही असता तर मी आधी तुम्हाला विचारायला आलो असतो, तुम्ही नको म्हणाला असता आणि मी ऐकलं असतं.