शून्यावरच्या दोन सुया

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरल्यामुळे तो उभ्याउभ्याच घातला आहे, पण तू तो आडवा पडून घातलेला समजून घे. उसण कशी भरली ते पुढे येतंच आहे.) तुझी, वहिनीची आणि दोन्ही लेकींची तब्येत ठणठणीत असेल असं धरून चालतो. वहिनीच्या गुडघ्याबद्दल मी आमच्या डॉक्टरसाहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, जिने चढणं बंद करा. तुम्ही राहता तिसऱ्या मजल्यावर, म्हणून तो सल्ला मी इतके दिवस माझ्याजवळच ठेवला होता. आई बरी आहे. कानाने कमी ऐकू येतं अशी तिची तक्रार असते, पण तुझा फोन वाजला की तिला तो मागच्या अंगणातून ऐकू येतो.

पत्र बघून दचकला असशील. फोनच करणार होतो, पण तू उचलला नसतास, आणि चुकून उचलला असतास तर माझी बोबडी वळली असती. चौदा महिने झाले तुला या घरात पाऊल टाकून. गेल्या वर्षी बाबांच्या गाडीत तेलाचा तो लाल दिवा लागलेला असताना मी तशीच पुढे नेली (मला वाटलं, रंगीत दिवे असतातच गाडीत, एक कमी एक जास्त), इंजिन जाम झालं, तू तीन आठवडे इथे मुक्काम ठोकून ते उभं केलंस, आणि वर मलाच चार शब्द सुनावलेस. तेवढ्यावर थांबायचं होतं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी म्हणालो की तू या घरचा मेकॅनिक आहेस, मालक नाहीस. तू तुझे पाने-स्क्रूड्रायव्हर गोळा केलेस आणि गेलास. त्या वाक्याचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही, म्हणून आधी गाडीचं सांगतो.

तर मी पक्कं ठरवलं की माझ्या हातून पुन्हा तो गुन्हा होता कामा नये. दिव्याचा एक दोष आहे दादा, तो एकदम सांगतो. आधी काही कल्पना देत नाही. आमच्या दवाखान्यात पेशंट आला की मी कंपाउंडर म्हणून पहिली दोन कामं करतो, दंडाला पट्टा बांधून प्रेशर आणि जिभेखाली थर्मामीटर. मग गाडीला हे का नको? शोधता शोधता दुकानात एक खोका मिळाला. त्यात दोन गोल घड्याळं, काळ्या तबकडीवर पांढरे आकडे, नारिंगी सुई. एक तेलाचा दाब दाखवणारं, दुसरं तापमान. खरं सांगतो, ती हातात घेतल्यावर मला वाटलं की आता मी तुला तोंड दाखवू शकतो. तू येशील, गाडीत बसशील, ती बघशील आणि काही बोलणार नाहीस. आणि तू काही बोलला नाहीस म्हणजे शाबासकीच, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आता बसवायची कुणी? गावात मेकॅनिक आहेत, पण तू असताना दुसऱ्याचा हात बाबांच्या गाडीला लावायचा म्हणजे तुझा अपमान (हा विचार मला त्या वेळी फार थोर वाटला होता). म्हणून मी शेजारच्या नळवाल्या काकांना हाक मारली. हा माणूस चाळीस वर्षं नळ जोडतोय. त्यांचं म्हणणं, पाइप म्हटला की पाइप, आतून पाणी जावो नाहीतर तेल. आम्ही रविवारी सकाळी सुरुवात केली. तारा इंजिनाकडून आत न्यायच्या तर मधल्या पत्र्याला भोक हवं. काकांनी भिंतीला पाडतात तशा जोमाने ड्रिल लावलं. पत्रा पार झाला, आणि ड्रिल थांबायचं नाव घेईना. पलीकडे डॅशबोर्डमधला सामानाचा कप्पा होता. गाडीच्या पुस्तकाला आता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच जागी सुबक भोक आहे. आईच्या चष्म्याचं घरही गेलं. चष्मा वाचला, कारण तो तिच्या नाकावर होता आणि ती त्यातूनच आमच्याकडे बघत होती.

मग घड्याळांसोबत खोक्यात आलेले दोन सेन्सर. पितळेचे, अंगठ्याएवढे, आटे असलेले. लाल दिव्याचा जुना सेन्सर काढून त्याच्या जागी तेलाचा बसवला, आणि तापमानाचा पाण्याच्या वाटेवर. काकांनी प्रत्येक आट्यावर, नळ गळू नये म्हणून लावतात ती त्यांची पांढरी टेप गुंडाळली. एक नाही, दोन नाही, अकरा वेढे. त्यांच्या हातचा जोड आजवर गळलेला नाही असं ते सांगत होते, आणि खोटं नव्हे, थेंबसुद्धा गळला नाही. मी त्यांची पाठ थोपटली, त्यांनी माझी. गाडी सुरू केली. गाडी एकदम झकास सुरू झाली. तबकड्यांमागे दिवे लागले. आणि दोन्ही सुया शून्यावर.

दादा, ज्याचं प्रेशर शून्य आणि अंग गार, त्याच्या बाबतीत आमच्या दवाखान्यात काय करतात तुला ठाऊक आहे. नातेवाइकांना बाहेर बसवतात. माझं धाबंच दणाणलं. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. काका म्हणाले, आवाज तर छान येतोय. मी म्हणालो, गेल्या वर्षीही छान येत होता. त्यानंतर मी दोनदा तेल बदललं, दुसऱ्यांदा आधीपेक्षा दाट. दवाखान्यातला तक्ता आणून गाडीच्या काचेवर अडकवला आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ नोंद सुरू केली. प्रेशर शून्य, ताप शून्य, आवाज समाधानकारक. सहा दिवस सगळ्या रकान्यांत हेच. शेवटी डॉक्टरसाहेबांना घरी आणलं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, चटका बसून मागे घेतला, आणि मला एवढंच म्हणाले की यंत्राकडे नको, पेशंटकडे बघ. माणसांच्या बाबतीत मी त्यांचं ऐकतो. पण ज्याने एकदा दिवा बघून न बघितल्यासारखं केलं, त्याला सुईकडे दुर्लक्ष करायची हिंमत कुठून येणार?

आणि आता उसणीचं. परवा आईला मावशीकडे न्यायचं होतं. मावशी पडली आहे, हाताला प्लास्टर आहे, आणि दोघी बहिणींची भेट होऊन बरेच दिवस झाले. मी म्हटलं, हळूहळू नेतो, सुईवर डोळा ठेवून. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत गेलो आणि माझा धीर सुटला. गाडी बाजूला घेतली, बंद केली, आईला म्हणालो उतर, रिक्षाने जाऊ. आई म्हणाली, चालू गाडी बंद करून मला का उतरवतोस? मी तिला दोन्ही तबकड्या दाखवल्या. तिने त्या बघितल्या, मग रस्त्याकडे बघितलं, आणि म्हणाली की ती गाडीत बसून जायला निघाली आहे, गाडीत बसूनच परत जाईल. मग काय, मी मागून ढकलायला लागलो. शिंपी आला, समोरचा इस्त्रीवाला आला, दोन अनोळखी माणसं आली, आणि आई बाबांच्या जागेवर सरकून स्टिअरिंग धरून बसली. (तिला गाडी येत नाही, पण हॉर्न येतो.) सगळी गल्ली बाहेर आली. इस्त्रीवाला मला विचारत होता की नक्की बिघडलंय काय, आणि मी धापा टाकत सांगत होतो की बिघडलं काहीच नाही, पण सुई नाही म्हणतेय. फाटकाशी पोचलो तेव्हा माझी कंबर गेली होती आणि आई मजेत होती. उतरताना मात्र म्हणाली, आता थोरल्याने बघितल्याशिवाय मी या गाडीत बसायची नाही. आमच्या हिने लगेच री ओढली, भाऊजींना बोलवा.

तेव्हा सध्याची परिस्थिती अशी: गाडी अंगणात, मी आडवा, मावशी प्लास्टरमध्ये, आई हट्टाला पेटलेली. इंजिन उघडायची माझी छाती नाही आणि दुसऱ्या कुणाला मी उघडू देणार नाही. तू येत्या रविवारी यावंस अशी नम्र विनंती. वहिनीला नमस्कार, लेकींना गोड पापा.

तुझाच,
धाकटा

ता. क. वरचं पत्र सोमवारी लिहिलं आणि पाकिटाला गोंद मिळेना म्हणून राहून गेलं. काल दवाखान्यात एक बॅटरीवाले गृहस्थ बोट कापून आले. पट्टी बांधता बांधता मी आमच्या पेशंटची हकिगत सांगितली. ते एवढे हसले की पट्टी पुन्हा बांधावी लागली. म्हणाले, त्या सेन्सरचं पितळ इंजिनाच्या लोखंडाला टेकलं तरच वीज फिरते. टेपचे अकरा वेढे मध्ये असतील तर सुई बिचारी काय हलणार? घरी जाऊन दोन्ही टेपा काढल्या. दादा, किल्ली फिरवली आणि तेलाची सुई अशी तरारून उठली की मला रडू आलं. मागून हळूहळू तापही चढला, अगदी जेवढा हवा तेवढाच. तुझ्या इंजिनाला काहीही झालेलं नाही. होणारच नव्हतं.

ता. क. २. म्हणजे आता तुला यायचं कारण उरलेलं नाही, हे मला कळतं. आईला मात्र अजून सांगितलेलं नाही. मावशीकडे तिला रिक्षाने नेऊन आणलं. तिने तिथे सगळ्यांना सांगून टाकलंय की रविवारी थोरला येतोय आणि पुढच्या वेळी तोच तिला गाडीतून घेऊन येईल. नळवाल्या काकांनाही मी सांगितलेलं नाही. त्यांचा जोड गळला नाही एवढं खरं, आणि ते त्यातच खूश आहेत.

ता. क. ३. आज सकाळी दवाखान्यात जायच्या आधी मी दोन्ही सेन्सर परत काढले आणि टेप पुन्हा गुंडाळली. मोजून अकरा वेढे. सुया शून्यावर आहेत. तू ये, बॉनेट उघड, एका मिनिटात शोधून काढ, आणि मला काय बोलायचं ते बोल. आई असेल, ही असेल, काका असतील, शिंपी आणि इस्त्रीवालाही येतो म्हणालेत. मी सगळ्यांदेखत ऐकून घेईन. आणि तुझं बोलून झालं की मी त्या सगळ्यांदेखत सांगेन, की या घराचा मालक आलाय.