निर्जन बेटावरची सोय

प्रिय दादा,

शिरसाष्टांग नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्ष वाकलं की कंबर धरते). तुझा खोकला, वहिनीचा खांदा आणि मुलांच्या परीक्षा यांचं काय झालं ते कळव. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं असं समज.

"सुट्टीत येतोय, एक दिवस सगळे मिळून त्या निर्जन बेटावर जाऊ," असं तू फोनवर म्हणालास आणि मोकळा झालास. तुझं काय जातंय! बाबा आले नाहीत तर बेत रद्द, हेही वर तूच सांगितलंस. तेव्हापासून माझं चष्म्याचं दुकान राहिलं बाजूला आणि मी बेटाची व्यवस्थापक होऊन बसले आहे.

पहिली अडचण आत्या. तिथे राहतं कोण, असं तिने विचारलं. मी म्हटलं, कुणीच नाही. "मग जायचं कुणाकडे?" हे तिला समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी येते म्हणाली, पण रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही म्हणून बिस्किटांचे पुडे आणून ठेवलेत. (कुणाला द्यायचे ते विचारू नकोस. मी विचारून पस्तावले आहे.) तुझे मेहुणे तर मोहिमेवर निघाल्यासारखे वागताहेत. सावलीसाठी भली मोठी छत्री आणली आणि ती नीट उघडते का हे बघायला हॉलमध्येच उघडली, तीसुद्धा पंखा चालू असताना. आता पंख्याचं एक पातं वाकलंय, लावला की खोलीभर खडखडाट होतो, आणि हे म्हणतात, बरंच झालं, बोटीच्या इंजिनाची सवय होईल.

नावाडी माझंच गिऱ्हाईक निघाला. चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून आला होता, तेव्हा स्क्रू आवळता आवळता मी चौकशी केली. बेटावर काय काय आहे? काही नाही. सावली? झाडाची, पण तिच्याबरोबर सरकत राहायचं. पाणी? आपलं आपण न्यायचं. एखादं दुकान? यावर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मला वाटलं, याचा नंबर वाढला. सकाळच्या भरतीला सोडणार, संध्याकाळच्या भरतीला न्यायला येणार. मधल्या वेळात खडक उघडे पडतात, बोट लागतच नाही.

आणि बाबा! त्यांच्या शंकांनी मी मेटाकुटीला आले. आधी हवा बिघडेल म्हणाले. मी अंदाज काढून दाखवला. मग गुडघा दुखायला लागला. मग बोट जुनी असेल म्हणाले, तर मी नावाड्यालाच दुकानात बसवून त्यांच्याशी गाठ घालून दिली. तेव्हा बराच वेळ इंजिनाबद्दल बोलून झाल्यावर हळूच विचारतात, "आणि आमच्या ताईची तिथे सोय काय?" नावाडी म्हणाला, "सगळं बेट आहे की, काका." आत्या तिथेच फ्रेम पुसत बसली होती. तिने दोन गिऱ्हाइकांसमोर जाहीर केलं, "माझं नाव कशाला पुढे करतोस? मी जाईन झाडामागे!" बाबा भिंतीवरचा नंबर तपासायचा तक्ता वाचू लागले. मी म्हटलं, झालं, यांना यायचंच नाहीये. इतकी वैतागले की तोंडावर बोलले, यायचं नसेल तर तसं सांगा, दादाला उगाच आशेला लावू नका.

परवा सकाळी दुकानात बाबांना घेरी आली. गॉगलचं फिरतं स्टँड धरायला गेले आणि त्याच्यासकट खाली आले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हृदय ठणठणीत आहे म्हणाल्या, पण अंगात पाणीच नाही. मग आत्याने खनपटीला बसून काढून घेतलं. गेले कित्येक दिवस बाबा उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत पाण्याचा घोट न घेता राहायचा सराव करत होते. चहा कुंडीत ओतत होते! (आणि मी कुंडीतल्या रोपाला औषध आणून घालत होते.) त्यांना सारखं जावं लागतं, दादा. तुला माहीत नसेल, मलाही नव्हतं, ते कुणाला बोलतच नाहीत. लांबच्या लग्नांना जायचं त्यांनी का सोडलं ते मला आत्ता कळतंय. उघड्या वाळूवर, नातवंडांच्या देखत, पुन्हा पुन्हा उठून झाडामागे जायची लाज वाटते त्यांना. आणि तरी यायचंय. मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की दोन्ही एकदम करता येईना, म्हणून गॉगलच्या फुटक्या काचा वेचत बसले.

तर बेत कायम आहे. वहिनीला नमस्कार, मुलांना गोड गोड पापे, आणि तुला काय द्यायचं ते तू आल्यावर बघते.

तुझी,
जेरीस आलेली धाकटी

ता. क. तुझा तो चेनवाला तंबू आण. कपडे बदलायला आहे असं सांगायचं, आणि लावायचा मात्र झाडांच्या पलीकडे.

ता. क. २ खरं काम हे. बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल. बेटावर उतरलास की दर थोड्या वेळाने उठायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "बाबा, मला परत लागली. एकट्याला कसंतरी वाटतं, जरा सोबत चला." मुलं हसतील, वहिनी डोळे वटारेल. हसू देत. पाणीही भरपूर पी, म्हणजे नाटक करावं लागणार नाही.

ता. क. ३ पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाबा आले. (वरचं त्यांनी वाचलेलं नाही, मी हात ठेवला होता.) दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "दादाला लिहितेयस ना? त्याला लहानपणापासून फार वेळ धरवत नाही, मला माहीत आहे. चारचौघांत सांगायला लाजेल बिचारा. त्याला म्हणावं, तू काही काळजी करू नकोस, मी येत जाईन तुझ्यासोबत." तेव्हा दादा, लाजू नकोस.