रेषेची दोन टोकं

नोएडा, ९ नोव्हेंबर १९९८

ती. दादास सा. न. वि. वि.

आम्ही नव्या घरी आलो. उजेड भरपूर आहे, फोन अजून लागलेला नाही, म्हणून हा कागद. आईच्या क्वार्टरशेजारचं भाड्याचं घर सोडताना वाईट वाटलं, पण विनायकच्या बालदम्याला इकडची मोकळी हवा बरी. आई डिसेंबरअखेर निवृत्त होईल, मग क्वार्टरही सोडावं लागेल. तुझं गुडगाव तिला आता सगळ्यांत जवळ. कुमुदवहिनीशी तिचं जमतंही छान. नणंद डोकं लढवते असं वहिनीला सांगू नकोस हं.

धाकटीवर रागावू नये, एवढंच मागणं.
सुनेत्रा

मानेसर, २४ नोव्हेंबर १९९८

चि. सुनेत्रास अनेक आशीर्वाद.

प्राध्यापकबाई, नकाशात गुडगाव जवळ दिसतं खरं, पण आम्हीच तिथे राहत नाही आता! कारखाना मानेसरला आला, इथेच घर घेऊन टाकलं. हायवेवर ट्रक, मागे मोहरीची शेतं. आईला बोलायला माणूस मिळायचं नाही. तुझ्याकडे मार्केट, बाग, डॉक्टर, सगळं बिल्कुल हाताशी. शिवाय लेकीकडे आई मोकळेपणानं राहते. रविवारी तिला भेटलो. तिनं विषय काढला नाही, मीही नाही. चलो, तूच हळूच विचारून बघ.

लोभ आहेच, तू कुरबुर तेवढी कमी कर.
सुधन्वा

रामकृष्णपुरम, दिल्ली, ५ जानेवारी १९९९

चि. सुधन्वा आणि चि. सुनेत्रा यांस अनेक आशीर्वाद.

दोघांना एकच मजकूर धाडते आहे, कार्बन घालून. ऑफिसची सवय.

येत्या शनिवारी मी मुनिरकाला राहायला जाते आहे. माझ्या सेक्शनमधली विजयालक्ष्मी तिथे एकटी असते. शेवटच्या आठवड्यात डबा खाताना तिनं विचारलं, माझ्याकडे येतेस का. घास गिळायच्या आत मी हो म्हटलं. तिच्या सांबाराची मला सवय करावी लागेल आणि माझ्या आमटीतल्या गुळाची तिला, असं तीच म्हणते.

तुमच्यावर राग नाही. एकमेकांचं घर मला जास्त सोयीचं, असं दोघांनाही वाटलं असणार. कपाट उचलायला टेम्पोवाल्याची माणसं आहेत. सुधन्वा, रजा काढू नकोस.

थंडी फार आहे, जपून राहा.
आई

नोएडा, १९ जानेवारी १९९९

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून तुला तोंड दाखवायची लाज वाटते आहे, निदान कागदावर तरी लिहिते.

काल अर्थशास्त्राच्या वर्गात नेहमीची रेषा काढली. लांब रस्ता, दोन चाटवाले, गिऱ्हाईक सगळीकडे सारखं पसरलेलं. जास्त गिऱ्हाईक मिळावं म्हणून एकमेकांच्या जागा बघत दोघंही सरकत जातात आणि शेवटी मधोमध, गाडीला गाडी लावून उभे राहतात. दरवर्षी शिकवते. अक्षया नावाच्या मुलीनं विचारलं, मॅडम, दोघांनाही गिऱ्हाईक नकोच असेल तर? मी खडूनं एक गाडी एका टोकाला नेली, दुसरी दुसऱ्या. मधे तू उरलीस. मी फळ्याकडेच तोंड करून उभी राहिले. वर्गाला वाटलं, बाई पुढचं आठवताहेत.

विनायकला दमा नाही, आई. हिवाळ्यात सर्दी होते, इतकंच. आणि दादाच्या कारखान्याची बस गुडगावातूनच सुटते, वहिनी बोलून गेली. आधी दादा गुडगावला गेला, मग मी यमुना ओलांडली, मग तो मानेसरला. एकमेकांची चाल बघून आम्ही घरं घेतली आणि तुला नकाशातला ठिपका समजलो. ठिपका उठून चालू लागेल हे दोघांच्याही हिशेबात नव्हतं. दादाला हे सगळं लिहिलं.

आता इकडेच ये, असं लिहायला हात धजत नाही. तुझी सोय झाल्यावर बोलावणं मला फारच स्वस्त पडेल.

रविवारी तासभर येऊ का? विजयालक्ष्मीमावशींना विचारून कळव. त्यांना अडचण असेल तर राहू दे, त्यांना सवड होईल तेव्हा येईन.

माया कर, हे मागायचाही संकोच वाटतो.
तुझी,
सुनेत्रा